जुन्या स्टेडियमची आसने बदलायची आहेत, पण गर्दी बाहेर पडायला १४ मिनिटे लागतात. सुरुवात कुठून करावी?

गॅलरी_देखभाल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. साधारण पन्नास वर्षांचे, काँक्रीटच्या टप्प्यांची गॅलरी असलेले स्टेडियम आहे. आसने बदलण्याचे काम आता निघणार आहे. त्याच कामात गर्दीची कोंडीही सुटते का, हे विचारायचे आहे. खालची सगळी मापे जागेवर टेप लावून घेतलेली आहेत, जुन्या नकाशातून उचललेली नाहीत.

गॅलरी मैदानाभोवती पूर्ण फिरलेली आहे. १२ ब्लॉक, ब्लॉकमध्ये २७ रांगा, रांगेत २८ आसने. म्हणजे ब्लॉकला ७५६ आणि एकूण ९,०७२. टप्प्याची खोली ७१० मिमी, उंची ३०० मिमी. आसने पाठ नसलेली, न दुमडणारी, ४४० मिमी रुंद, प्रत्येक आसन चार बोल्टनी टप्प्याच्या आडव्या भागावर बसवलेले. रांगेची लांबी १२.३२ मीटर. आसनाच्या पुढच्या कडेपासून मोकळी जागा उरते जेमतेम २९० मिमी, त्यामुळे कोणी उठून निघाले की अख्खी रांग उभी राहते.

दोन ब्लॉकच्या मधली उभी वाट ०.९५ मीटर. तिच्यात दर टप्प्याचे दोन भाग करणाऱ्या अर्ध्या उंचीच्या पायऱ्या आहेत; त्या झिजल्या आहेत, एक १३० मिमीची तर पुढची १७० मिमीची. अशा १२ वाटा वर चढत जातात. दर दोन ब्लॉकना मागे २.१ मीटरचे एक दार, दारापलीकडे ३.६ मीटर रुंद पॅसेज आणि तिथून खाली एक जिना. जिना भिंत ते भिंत २.० मीटर आहे, दोन्ही बाजूंचे कठडे प्रत्येकी १०० मिमी आत आलेले. पॅसेजमध्येच खाण्यापिण्याचे काउंटर आहेत.

सामना संपल्यावर गॅलरी रिकामी व्हायला सुमारे १४ मिनिटे लागतात. बोल्टच्या भोकांतून पाणी खालच्या खोल्यांत झिरपते, हा वेगळाच ताप. दार रुंद करावे असा एक प्रस्ताव आहे. आसनसंख्या मात्र कमी करायला मंडळ तयार नाही. काय करावे?

---

बहिर्गमन

मापे नीट दिलीत, त्यामुळे नेमके सांगता येते. दाराला हात लावू नका. अडचण दारात नाही.

ब्रिटनमधली क्रीडांगण सुरक्षेची मार्गदर्शिका, जिला सगळे 'ग्रीन गाइड' म्हणतात, तिची सहावी आवृत्ती २०१८ ची आहे. गर्दीच्या प्रवाहासाठी त्यातले दोन आकडे पुरतात: सपाट जागेवर रुंदीच्या दर मीटरला मिनिटाला ८२ माणसे, पायऱ्यांवर ६६. तुमच्या सल्लागाराच्या कागदावर १०९ आणि ७३ दिसले तर ते १९९७ च्या आवृत्तीतले जुने आकडे आहेत; ते वापरून क्षमता फुगवू नका. सामना संपल्यावर बाहेर पडण्याची कमाल मर्यादा ८ मिनिटे. ही ८ मिनिटे रस्त्यापर्यंतची नाहीत. शेवटचा माणूस आसन सोडून पुढे न अडखळता सरकणाऱ्या वाटेला लागेपर्यंतची आहेत.

आता दोन ब्लॉकची एक जोडी धरा: १,५१२ माणसे. जोडीच्या वाट्याला दोन उभ्या वाटा येतात. ०.९५ × ६६ × २ म्हणजे मिनिटाला १२५. दार २.१ × ८२, म्हणजे १७२. जिन्याचे २.० मीटर धरू नका; कठड्यापासून कठड्यापर्यंतचे माप धरायचे असते, ते १.८ मीटर. १.८ × ६६ म्हणजे ११९.

पाणी जसे सर्वांत अरुंद नळीच्या मापाने वाहते तसेच इथे आहे. जिना सर्वांत अरुंद, वाटा त्याच्या खालोखाल, आणि दार तिघांत सर्वांत मोकळे. १,५१२ माणसांना ११९ च्या वेगाने जायला १२.७ मिनिटे लागतात. पॅसेजमधल्या काउंटरपाशी रेंगाळणारे धरले की तुमची १४ मिनिटे बरोबर जुळतात. दार रुंद केले तर तीच गर्दी अधिक वेगाने जिन्याच्या तोंडाशी येऊन साचेल. उलट जास्त धोका.

मंडळाला दाखवायचा आकडा हा: ८ मिनिटांत जिन्यावरून जोडीमागे ९५० माणसे उतरतात. सहा जोड्यांची मिळून ५,७००. आसने ९,०७२ असली तरी आजची सुरक्षित क्षमता ५,७०० आहे. क्षमता ठरवताना चार आकडे काढतात: किती बसू शकतात, तासाभरात किती आत येऊ शकतात, ८ मिनिटांत किती बाहेर पडू शकतात, आणि आणीबाणीत किती बाहेर पडू शकतात. चारांत जो सर्वांत लहान तीच क्षमता. आसने मोजून क्षमता लिहिणे ही जुन्या स्टेडियमांत सर्रास आढळणारी चूक आहे.

म्हणून आसनांची रुंदी ४४० वरून ५०० मिमी करा. १२.३२ मीटरच्या रांगेत २४ आसने बसतात, लांबी होते १२.० मीटर, आणि उरतात ३२० मिमी. ते दोन्ही टोकांना १६० असे वाटा. प्रत्येक वाटेला दोन्ही बाजूंच्या ब्लॉककडून १६०-१६० मिळाले की ०.९५ ची वाट १.२७ मीटर होते. नव्या कामाला १.२ मीटर मागतात, त्यात बसते. दोन वाटांचा प्रवाह आता मिनिटाला १६८. माणसे उरली जोडीमागे १,२९६. ती ७.७ मिनिटांत वाटांतून बाहेर. दार १७२ चे आहे, पुरते. रांगेत २८ आसनांपर्यंत दोन्ही टोकांना वाट असली की चालते, तेव्हा २४ ला काही अडचण नाही.

४८० मिमीचे आसन घेऊन २५ बसवण्याचा मोह होईल. तेव्हा माणसे १,३५० होतात आणि वाटांतून ८ मिनिटांत जातात १,३४१. नऊ माणसांसाठी गणित मोडते. ५०० च घ्या.

राहिला जिना. आहे तो फोडून रुंद करण्यापेक्षा बाहेरच्या बाजूला, मोकळे माप १.२ मीटर असलेला लोखंडी जिना प्रत्येक जोडीला जोडा. त्याचे ७९ आणि जुन्याचे ११९ मिळून १९८, म्हणजे येणाऱ्या १६८ पेक्षा जास्त. जुना जिना २.५ मीटरचा करायचा म्हटले तरी त्यात मधला कठडा घालावा लागतो, कारण १.८ पेक्षा रुंद पट्ट्यात मधल्या माणसाला धरायला काही उरत नाही. शिवाय दोन वेगळे जिने असले की एक बंद पडला तरी दुसरा असतो. नव्या जिन्याची पायरी १५० ते १८० मिमी उंच आणि ३०० च्या आसपास खोल ठेवा, सगळ्या पायऱ्या अगदी सारख्या.

जिन्याकडे मी इतके लक्ष का वेधतो आहे? ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर २ जानेवारी १९७१ ला सामना संपल्यावर एकाच जिन्यावर ६६ माणसे मरण पावली. घरी निघालेली गर्दी, उतरणारा जिना, मागून येणारा दाब. मागच्यांना पुढे काय झाले ते दिसत नाही, म्हणून ते थांबत नाहीत. जिन्याच्या पायथ्याशी वाट कधीही अरुंद होऊ देऊ नका. खालचे फाटक जिन्यापेक्षा रुंदच हवे आणि त्याच्यापुढे वाहने, बॅरिकेड, तिकीट खिडकीची रांग, काहीही नको.

---

काँक्रीट_दुरुस्ती

वरच्या गणिताशी सहमत. आता आसने आणि बोल्ट.

आधी एक गोष्ट पक्की करा: नवीन आसने टप्प्याच्या आडव्या भागावर बसवायची नाहीत, मागच्या टप्प्याच्या उभ्या बाजूवर बसवायची. कारणे तीन. पाणी आडव्या भागावर साचते आणि प्रत्येक भोक ही गळतीची जागा असते. पाय नसले की झाडू सरळ फिरतो. आणि पावले टाकायला जागा मोकळी होते.

दुमडणारी आसने घ्या. दुमडल्यावर उभ्या बाजूपासून २६० मिमीपेक्षा पुढे येणार नाहीत अशी. ७१० मधून २६० वजा केले की ४५०. पण पुढच्या रांगेची पाठ थोडी मागे झुकून तुमच्या टप्प्यावर येते, त्याचे ४० मिमी धरा. उरतात ४१०. किमान ४०० हवे असते. म्हणजे टप्पा न फोडता २९० चे ४१० होतात, आणि माणूस आडवा सरकत जाऊ शकतो. पुरवठादाराच्या पत्रकातले 'दुमडल्यावरची खोली' हे माप बहुतेक वेळा आसनाचेच असते, ब्रॅकेट धरून नसते. ब्रॅकेटसह माप लेखी मागा. इथे ३० मिमीची चूक झाली तर सगळे काम वाया.

पाठ आसनाच्या पृष्ठभागापासून किमान ३०० मिमी उंच हवी. फिफाचीही तीच अपेक्षा आहे. बसण्याची उंची टप्प्यापासून ४३० ते ४५०. स्प्रिंगने दुमडणाऱ्यापेक्षा वजनाने आपोआप उठणारे आसन उघड्यावर जास्त टिकते, कारण गंजायला स्प्रिंगच नसते. बिजागरीला नायलॉनचे बुश आणि स्टेनलेसची पिन. प्लास्टिक कोपॉलिमर पॉलिप्रोपिलीन, अतिनील किरणांना टिकणारे द्रव्य मिसळलेले. ते कमी पडले की दोन-तीन उन्हाळ्यांत हात लावला तर खडूसारखी पूड निघते आणि मग बोल्टच्या भोकापासून तडा जातो. लाल रंग सर्वांत लवकर विटतो. गडद रंग उन्हात तापतात. आसनाच्या खोलगट भागात पाणी जायला भोक हवेच. आग पकडण्याच्या चाचणीचा दाखला त्याच रंगाच्या, त्याच मिश्रणाच्या नमुन्याचा मागा. रंग बदलला की मिश्रण बदलते.

प्रत्येक आसनाला वेगळे ब्रॅकेट नको. १२ मीटरची आडवी तुळई, दर मीटरला एक ब्रॅकेट म्हणजे १३ ब्रॅकेट, प्रत्येकाला २ बोल्ट: रांगेला २६ भोके. सुटी आसने चार-चार बोल्टनी बसवली तर २४ आसनांना ९६ भोके होतात. जुन्या काँक्रीटमध्ये सत्तर भोके वाचणे ही मोठी गोष्ट आहे. ब्रॅकेट गरम झिंक-बुडवणीचे; बोल्ट स्टेनलेस, समुद्राजवळ असाल तर ३१६ दर्जाचे. स्टेनलेस बोल्ट आणि झिंक लावलेले ब्रॅकेट यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर ओल्या हवेत ब्रॅकेटचे झिंक बोल्टभोवती आधी खाल्ले जाते.

उभी बाजू किती जाड आहे ते आधी पाहा. अशा गॅलऱ्यांत ती १०० ते १५० मिमी असते. ९० मिमी खोल भोक घेतले आणि जाडी १०० निघाली तर मागून टवका उडतो आणि समोरून काहीच दिसत नाही. ड्रिलला खोलीचा थांबा लावा. गज शोधणारे यंत्र फिरवून गजाच्या रेषा खडूने आखा, मग भोकांची जागा ठरवा. गज कापून पुढे जाणारा कारागीर लगेच थांबवा. टप्पे कारखान्यात ओतलेले आणि ताण दिलेल्या तारांचे असतील तर एकही तार कापली जाता कामा नये. वरच्या कडेपासूनचे अंतर अँकर (काँक्रीटमध्ये रुतवायचा बोल्ट) बनवणाऱ्याच्या तक्त्यातून घ्या. कड तुटण्याचे हेच मुख्य कारण असते. फुगून पकडणारा अँकर कडेजवळ काँक्रीट फोडतो, म्हणून इथे रसायनाने चिकटणारा घ्या.

रासायनिक अँकर सुटतात ते जवळजवळ नेहमी धुळीमुळे. भोक पाडल्यावर आधी हवेने फुंकायचे, मग तारेच्या ब्रशने घासायचे, पुन्हा फुंकायचे, आणि हे दोनदा. पावसाळ्यात भोक ओले असते, तेव्हा ओल्या भोकाला चालणारेच रसायन वापरा. घट्ट होण्याचा वेळ तापमानावर अवलंबून असतो. त्याआधी नट आवळला की चिकटलेला थर आतल्या आत तुटतो. दर ४० अँकरमागे किमान एक, वापरातल्या भाराच्या दीडपट ओढून पाहा, आणि ते कुठले ते कंत्राटदाराने नव्हे, देखरेख करणाऱ्याने निवडावेत.

हे सगळे करण्याआधी काँक्रीट तपासणे आलेच. पन्नास वर्षांच्या काँक्रीटमध्ये वरचा थर कार्बनेट झालेला असतो, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचा अल्कधर्मी गुण गेलेला असतो. ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलिन फवारा: गुलाबी झाले तो भाग चांगला, रंग आला नाही तिथवर गजाचे संरक्षण गेलेले. रंगहीन थर गजापर्यंत पोचला असेल तर आधी दुरुस्ती, मग आसने. हातोडीने ठोकत जा, पोकळ आवाज येईल तिथे खूण करा.

जुने बोल्ट वरून कापून टाकू नका. आत राहिलेला तुकडा गंजून फुगतो आणि टप्पा उकलतो. काढा, किंवा भोवती ३० मिमी खोल खाचून खाली कापा, न आकसणाऱ्या मॉर्टरने बुजवा. मग आडव्या भागाला जलरोधक थर, उभ्या बाजूवर १०० मिमी चढवून. टप्प्याला पुढच्या कडेकडे उतार आहे का ते पाण्याची बादली ओतून पाहा. दोन टप्प्यांमधला सांधा जुना असेल तर सीलंट पूर्ण खरवडून नवा भरा. जुन्यावर नवा भरला तर एका हंगामात सुटतो. थर पूर्ण झाल्यावरच उभ्या बाजूची भोके पाडा, ती थर जिथवर चढवला आहे त्याच्या वर येतील अशी आखा. उलट क्रमाने केले तर थर ब्रॅकेटच्या मागे पोचत नाही.

---

गॅलरी_देखभाल

दोघांचे आभार. दोन शंका. मंडळात काहींचे म्हणणे आहे की टप्पे फोडून नव्या ८०० मिमी खोलीचे करावेत. आणि सर्वांत मागच्या रांगांमधून मैदानाची जवळची कड दिसत नाही अशी तक्रार नेहमीची आहे. तिथली आसने उंच स्टँडवर बसवली तर सुटेल का? पहिल्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यापासून सीमेपर्यंतचे आडवे अंतर १० मीटर, डोळ्याची उंची मैदानापासून २.२ मीटर. व्हीलचेअरसाठी आज एकही जागा नाही, तेही याच कामात घ्यायचे आहे.

---

दृष्टिरेषा

सगळी आसने सारखीच उंच केली तर काहीही फरक पडत नाही. तुमचा डोळा जितका वर गेला तितकेच पुढच्याचे डोकेही गेले.

मोजायचे असते सी-मूल्य: मागच्या माणसाची नजर पुढच्याच्या डोळ्यावरून किती मिलिमीटर वरून जाते. पुढच्याच्या डोळ्याचे सीमेपासूनचे अंतर घ्या, त्याला त्याच्या डोळ्याची उंची अधिक टप्प्याची उंची या बेरजेने गुणा, अंतर अधिक टप्प्याची खोली या बेरजेने भागा, आणि त्यातून पुढच्याच्या डोळ्याची उंची वजा करा. १२० आले तर उत्तम, ९० चांगले, ६० च्या खाली गेले की माणूस मान वाकडी करतो.

तुमच्या दुसऱ्या रांगेत येतात १३४. सत्ताविसाव्यात ५१. तक्रार खरी आहे आणि कारण भूमितीचे आहे: टप्प्यांची उंची सगळीकडे ३०० च ठेवलेली. नव्या गॅलरीत मागे जाताना टप्पे हळूहळू उंच करत नेतात.

आता टप्पे ८०० चे केले तर? नऊ जुने टप्पे म्हणजे ६,३९० मिमी, त्यात ७९९ चे आठ बसतात, उंची होते ३३७.५. वाटेतली अर्धी पायरी १६९, ती चालते. २७ रांगांच्या २४ होतील, आणि सर्वांत मागे सी-मूल्य ५१ वरून ५७ वर जाईल. म्हणजे इतकी तोडफोड, नव्या वजनासाठी खालच्या तुळयांची तपासणी, प्रत्येक वाट नव्याने, नववा हिस्सा रांगा कमी, आणि तरीही ६० गाठले नाही. माझे स्पष्ट मत आहे की करू नका. दुमडणाऱ्या आसनांनी गुडघ्याची जागा सुटतेच आहे.

त्याऐवजी वरच्या दहा रांगांत आसने अर्ध्या आसनाने सरकवा: एका रांगेत २४, पुढच्या रांगेत २३. मग नजर दोन डोक्यांच्या मधून जाते आणि थेट अडथळा दोन रांगा पुढे जातो. २३ च्या रांगेला दोन्ही टोकांना २५० मिमीचा खळगा उरतो, तो वाटेच्या रुंदीत धरायचा नाही. लोक तिथे उभे राहून सामना पाहतात, त्यामुळे तिथे पाय ठेवता येणार नाही असा छोटा कठडा बसवा.

व्हीलचेअरसाठी तुमच्याकडे एक आयती सोय आहे. प्रत्येकीला ९०० × १,४०० मिमी जागा लागते आणि तुमचे दोन टप्पे मिळून १,४२० होतात. मागचा पॅसेज वरच आहे, म्हणजे निवडक ब्लॉकमध्ये २६ आणि २७ या रांगा काढून तिथे ओटा करा. नुसता २७ च्या पातळीला आणलात तर पुढच्या रांगेतला माणूस उभा राहताच मागच्याला काहीच दिसणार नाही. व्हीलचेअरवरच्या माणसाच्या डोळ्याची उंची १.१५ मीटर आणि उभ्या माणसाची १.७५ धरली तर ओटा पॅसेजच्या पातळीपेक्षा साधारण ४५० मिमी उंच लागतो. १ : १२ उताराने ५.४ मीटरचा रॅम्प, दोन्ही बाजूंना कठडे. हा रॅम्प २.१ च्या दारासमोर येता कामा नये. सोबत्याचे आसन व्हीलचेअरच्या शेजारी द्या, मागे नको. आणि हे लोक खालून वरच्या पॅसेजपर्यंत पोचणार कसे, लिफ्ट की वेगळा रॅम्प, ते आधी ठरवा. वर ओटा आणि खाली फक्त जिना, असे काम अर्धवट राहते.

---

बहिर्गमन

सी-मूल्यासाठी आणि ओट्यासाठी काढलेली आसने गणितातून वजा करा. प्रवाहाला ती मदतच करतात.

वाटेतल्या १३० आणि १७० च्या पायऱ्यांबद्दल कोणी बोलले नाही. पाऊल पहिल्या दोन पायऱ्यांवरून अंदाज घेते आणि पुढच्या न पाहता टाकते, म्हणून विषम पायरीवरच माणूस कोसळतो. ३०० च्या टप्प्यात बरोबर १५० ची, ३५५ खोल पायरी ओता. वाट रुंद होते आहे तर जुनी पायरी तोडून पूर्ण १.२७ ची एकसंध ओता. कडेला नुसता तुकडा जोडला तर सांध्यावर तो सुटा होऊन हलतो. कडेला ५५ मिमीची वेगळ्या रंगाची, न घसरणारी पट्टी.

पॅसेजमधले काउंटर हलवा. ३.६ मीटरच्या पॅसेजमध्ये आडवी रांग लागली की निम्मा जातो. काउंटर भिंतीत आत घ्या, रांग भिंतीला समांतर लावा, आणि जिन्याच्या तोंडापासून दूर. काउंटरवरचे सिलिंडर, खोकी, गॅलरीखालचा कचरा, हे सगळे काढा. ११ मे १९८५ ला इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या फुटबॉल मैदानावर लाकडी गॅलरीखाली साठलेल्या कचऱ्याला आग लागली. मागच्या बाजूला पळालेल्यांना दारे बंद मिळाली. ५६ माणसे मरण पावली. मैदानाकडे धावलेले बरेच वाचले. तुमची गॅलरी काँक्रीटची आहे, पण सगळ्या वाटा मागेच जातात, म्हणून पहिल्या रांगेपुढच्या कठड्यात प्रत्येक वाटेसमोर मैदानाकडे उघडणारे फाटक ठेवा, वाटेइतकेच रुंद, आतून ढकलताच उघडणारे. वाटेच्या टोकाचा कठडा १.१ मीटर उंच, मीटरला ३ किलोन्यूटन आडवा भार घेणारा. आसनांपुढचा ८०० मिमी, १.५ किलोन्यूटनचा. तिथला अँकर आसनाच्या अँकरसारखा समजू नका. मागच्या दारांना सरकती जाळी किंवा शटर असेल तर काढा. बाहेर उघडणारी, आत माणूस असेपर्यंत कुलूप नसलेली दारेच हवीत.

---

फाटकावरून

आत येण्याचेही पाहा. एका टर्नस्टाइलमधून (एकेकाला आत सोडणारे फिरते फाटक) तासाला ६६० पेक्षा जास्त माणसे धरत नाहीत. ७,७७६ ला किमान १२ लागतील. पण पिशव्या तपासायच्या असतील तर आकडा खूप उतरतो; तुमच्याच फाटकावर घड्याळ लावून मोजा. ४०० भरले तर २० लागतील. तपासणी आणि टर्नस्टाइल एकाला एक चिकटवू नका, मध्ये मोकळी जागा ठेवा, नाहीतर एक पिशवी अडली की मागे सगळेच थांबते. सरासरीवर जाऊ नका, सामना सुरू व्हायच्या आधीच्या अर्ध्या तासात येणारे मोजा.

तिकिटावर फाटक, जिना आणि ब्लॉक यांचा एकच रंग ठेवा. नवा लोखंडी जिना कोणी वापरणार नाही हे धरून चाला. लोक आले त्याच वाटेने परत जातात. म्हणून आत येतानाच निम्म्यांना त्या जिन्याने वर चढवा. आणि एखादा ब्लॉक भरला की त्याच्याकडे जाणारी वाट तिथेच नव्हे, खाली फाटकापाशीच थांबवायला माणूस हवा. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ ला बाहेरची कोंडी सोडवण्यासाठी फाटक उघडले, पण आलेल्यांना आधीच भरलेल्या मधल्या कप्प्यांकडून बाजूला वळवले नाही. ९७ माणसे मरण पावली.

---

गॅलरी_देखभाल

५,७०० विरुद्ध ७,७७६ हा आकडा मंडळापुढे ठेवतो. आसने कमी करून क्षमता वाढते हे तिथे पहिल्यांदाच दिसेल. काम ब्लॉक-ब्लॉकने करायचे तर किती एका वेळी घ्यावेत?

---

काँक्रीट_दुरुस्ती

जोडीने घ्या, एकटा ब्लॉक घेऊ नका. जिना आणि दार जोडीला आहेत, अर्धी जोडी उघडी ठेवून कामाचा राडारोडा त्याच जिन्याने उतरवता येत नाही. पहिल्या जोडीआधी तीन रांगा आणि सहा आसनांचा नमुना प्रत्यक्ष गॅलरीत बसवा. उंच माणूस बसवा, मग त्याच्यापुढून दुसऱ्याला जायला सांगा, आणि ४१० मिमी खरेच मिळतात का ते टेप लावून पाहा. ऑर्डर त्यानंतर. सुटे भाग शंभर आसनांमागे तीन याप्रमाणे त्याच खेपेत घ्या, पुढच्या खेपेचा रंग जुळत नाही.